ट्रॉलीचा भार आणि ट्रॅक्टरची कुवत

मृगापूर्वीच्या पंधरवड्यात गावोगावच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना उसंत नसते. शेणखत शेतावर न्यावयाचे असते, पाणंदीवर मुरूम टाकावयाचा असतो, बाजारातून खते व बियाणे आणावयाची असतात. आणि पुढे दिवाळी सरते न सरते तोच ऊस सुरू होतो. बैलगाडीच्या दिवसांत गाडीत माल किती भरावा हे निराळे शिकावे लागत नसे. जू मानेत रुतू लागले म्हणजे बैल थांबे आणि गाडीवानाला उमजे. ट्रॅक्टरचे तसे नाही. तो तक्रार न करता ओढीत राहतो, आणि तो ओढतो आहे म्हणजे भार त्याला झेपतो आहे, असा आपला समज होऊन बसतो. हा समज किती धोक्याचा आहे हे प्रस्तुत लेखकास एका प्रसंगाने कळले.

आमच्या तालुक्यातील एका शेतकऱ्याने चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर व चारचाकी ट्रॉली घेतली, तेव्हा त्या खरेदीच्या कागदांवर ‘ट्रॅक्टरच्या मानाने ट्रॉली योग्य’ असा शेरा मीच दिला होता. शेरा देताना अश्वशक्तीचा आकडा तेवढा पाहिला होता. पुढे आठ वर्षे त्या ट्रॉलीने शेणखत व धान्य वाहिले. कधी काही घडले नाही. नंतर एका वर्षी वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला असताना त्याच ट्रॉलीत पाणंदीसाठी मुरूम भरला. पुतण्या चालवीत होता. ओढ्याच्या अलीकडचा चढ ट्रॅक्टर विनासायास चढला. पलीकडच्या उतारावर मात्र ट्रॉली मागून रेटू लागली, ब्रेक दाबताच मागची चाके घसरली, ट्रॅक्टर आडवा फिरला आणि ट्रॉलीच्या दांड्याने त्याला फरशीखाली लोटले. मुलाची मांडी मोडली, जीव वाचला. मी भेटावयास गेलो तेव्हा त्या शेतकऱ्याने विचारले, “साहेब, तीच ट्रॉली, तेवढीच भरलेली. आठ वर्षं खत वाहिलं तेव्हा काही झालं नाही, मग आताच काय झालं?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर वजनकाट्याच्या पावत्या व कागदपेन्सील घेऊन बसलो तेव्हा उत्तर मिळाले. ग्रामकार्यकर्त्यांना व शेतकरी बंधू-भगिनींना ते उपयोगी पडेल म्हणून येथे मांडीत आहे.

प्रथम ‘तेवढीच भरलेली’ या शब्दांचा विचार करू. ट्रॉलीचा हौदा दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दोन फूट उंच होता. म्हणजे १२० घनफूट, अर्थात सव्वा ब्रासच्या किंचित आत, अथवा ३.४ घनमीटर. अर्धवट कुजलेले शेणखत घनमीटरला सुमारे ६०० किलो भरते. त्या हिशेबाने काठोकाठ भरलेली खताची ट्रॉली दोन टनांची झाली. गहू घनमीटरला पावणेआठशे किलोंच्या आसपास असतो; त्याचे अडीच ते पावणेतीन टन होतील. परंतु सैल मुरूम वा कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १६०० किलो भरते. तोच हौदा मुरुमाने काठोकाठ भरला की माल ५४०० किलो होतो, आणि माल ओला असेल तर त्याहूनही अधिक. डोळ्यांना दोन्ही ट्रॉल्या सारख्याच दिसतात. एकीत मात्र दुसरीच्या पावणेतीनपट वजन असते. रिकामी ट्रॉली १५०० किलोंची होती. म्हणजे त्या दिवशी ट्रॅक्टरच्या मागे ६९०० किलो होते, आणि ट्रॅक्टर स्वतः होता २००० किलोंचा.

आता दुसरी गोष्ट. एवढा भार ट्रॅक्टरने ओढला कसा? येथे अश्वशक्ती आपली फसवणूक करते. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाके फिरती ठेवण्यास एकूण वजनाच्या सुमारे शेकडा दोन इतकी ओढ पुरते. ट्रॅक्टर व ट्रॉली मिळून ८९०० किलो. त्याची शेकडा दोन ओढ म्हणजे १७८ किलो. ताशी २० किलोमीटर वेगाने हे वजन सपाटीवर चालविण्यास चाकांशी जेमतेम १३ अश्वशक्ती लागते. दहा फूट अंतरात एक फूट असा कडक चढ आला तरी खालच्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटर वेगाने तो चढण्यास सुमारे २० अश्वशक्ती लागते. चाळीस अश्वशक्तीच्या यंत्राला हे काहीच नाही. मऊ शेतात अथवा चिखलात ओढ कितीतरी पटींनी वाढते आणि तेथे यंत्राचा कस लागतो हे खरे. पण रस्त्यावर यंत्र कधीच ‘पुरे’ म्हणत नाही.

पुरे म्हणावयाचे असते ते चाकांनी. ट्रॅक्टर ओढतो तो यंत्राच्या जोरावर. पण तो जोर जमिनीला पोचतो मागच्या दोन टायरांच्या पकडीतून, आणि पकड अवलंबून असते त्या टायरांवर किती वजन आहे यावर. दोन टनांच्या ट्रॅक्टरचे मागच्या चाकांवरील वजन सुमारे १३०० किलो असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर या वजनाच्या शेकडा सत्तर, म्हणजे सुमारे ९०० किलोंपर्यंत पकड मिळते. रस्ता ओला व त्यावर चिखलाचा थर असेल तर ती निम्म्यावर येते. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागच्या चाकांनाच असतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना तर ब्रेक नसतातच. तेव्हा त्या ८९०० किलोंना थांबविण्याचे सारे काम ९०० किलोंच्या पकडीवर येऊन पडते; आणि पाऊस पडून गेलेला असेल तर साडेचारशे किलोंच्या.

याचा परिणाम अंतराच्या भाषेत पाहावा. एकटा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगात असताना ब्रेक लावल्यापासून साडेतीन मीटरांत थांबतो. वरील ट्रॉली जोडली की सपाट कोरड्या रस्त्यावर १३ मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी साडेपाच मीटर. त्याच कोरड्या रस्त्यावर दहास एक असा उतार असेल, तर उतारच या वजनाला ८९० किलोंच्या जोराने खाली ओढतो. ब्रेकची पकड व चाकांचा अवरोध मिळून होतात १०७८ किलो. उरले अवघे १८८ किलो. एवढ्यावर ट्रॅक्टर थांबावयास सत्तर मीटरांहून अधिक अंतर लागते. आणि रस्ता ओला असेल तर? पकड ४५०, अवरोध १७८, बेरीज ६२८. उताराची ओढ ८९०. हा ट्रॅक्टर थांबतच नाही. ब्रेक कितीही नवे असोत, चालविणारा कितीही हुशार असो. त्या दिवशी ओढ्यावर घडले ते हेच.

तोच चढ तो चढला कसा, असे कोणी विचारील. चढताना ट्रॅक्टर मागे झुकतो, पुढचा काही भार मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढते. उतरताना नेमके उलट होते. भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात, आणि ब्रेक तर तेथेच असतात. म्हणून वरील आकडेही काहीसे उदारच आहेत. जो चढ ट्रॅक्टर सहज चढला तोच त्याला उतरता येईल असे धरून चालणे, ही आमच्या भागातील अपघातांतील नेहमीची चूक आहे. चालकांचा असाही एक समज आढळतो की, खालच्या गिअरमध्ये यंत्राचा रेटा ब्रेकला मदत करतो, म्हणून भार चालेल. गिअर खालचाच असावा, आणि तो उताराच्या माथ्यावरच टाकावा, उतारावर क्लच दाबू नये व गाडी न्यूट्रल करू नये, हे सर्व योग्यच आहे. त्याने वेग मुळात वाढत नाही व ब्रेक तापत नाहीत. पण यंत्राचा रेटाही त्याच दोन टायरांतून जमिनीला लागतो. पकड त्याने वाढत नाही.

मग भार किती असावा? काही ट्रॅक्टर-उत्पादकांच्या पुस्तिकांत असे सांगितलेले असते की, ब्रेक नसलेले ओढयंत्र मालासह ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड नसावे व वेग ताशी ३२ किलोमीटरांवर नेऊ नये. हे प्रमाण व्यवहारात चांगले आहे. आपला ट्रॅक्टर दोन टनांचा असेल तर ट्रॉली व माल मिळून तीन टन. असा भार दहास एक उतारावर, रस्ता कोरडा असताना, ताशी २० किलोमीटर वेगातून सुमारे १६ मीटरांत थांबतो. ओल्या उतारावर मात्र तोही पुरेसा थांबत नाही. तेथे भार आणखी कमी करावा, अथवा रस्ता वाळेपर्यंत थांबावे.

यावर शेतकरी म्हणतील, आणि म्हणतातच, की एवढ्या मालात खेप परवडत नाही. ही तक्रार खोटी नाही. ऊस वाहणाऱ्यास टनावर पैसे मिळतात. डिझेल मात्र खेपेवर जळते. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून, उसाचे थर हौद्याच्या वर माणसाच्या उंचीएवढे रचून जाणारे ट्रॅक्टर आपण हंगामभर पाहतो, ते काही हौस म्हणून नव्हे. त्यांना मी ‘भार निम्मा करा’ एवढेच सांगून परतलो तर तो सल्ला रस्त्यावरच राहील. खरा उपाय ट्रॉलीला ब्रेक बसविणे हा आहे. ट्रॉलीच्या चाकांनी तिच्या स्वतःच्या वजनाच्या एकचतुर्थांश इतकाही रोध केला, तर आपल्या उदाहरणातील ती ६९०० किलोंची ट्रॉली त्याच ओल्या उतारावर दहा मीटरांच्या आत थांबते. ज्याला मुळीच थांबता येत नव्हते त्याची ही गोष्ट! ट्रॉली पुढे रेटू लागली की दांड्यावरील दाबाने आपोआप लागणारे ब्रेक असतात, तसेच ट्रॅक्टरच्या तेलदाबावर किंवा हवेच्या दाबावर चालणारेही असतात. नवी ट्रॉली बांधून घेताना त्यांचा आग्रह धरावा. हौद्याला रंग व नाव घालण्यात जो उत्साह दिसतो त्यातील थोडा इकडे वळवावा, असे मला नेहमी वाटते. मात्र ब्रेक आहेत म्हणून ट्रॉलीच्या स्वतःच्या टायरांवर व आसावर, त्यांना नेमून दिलेल्याहून अधिक भार घालू नये.

ट्रॅक्टरच्या ब्रेकांविषयी एकच गोष्ट, पण ती विसरू नये. डावा व उजवा असे दोन निरनिराळे पेडल शेतात आखूड वळण घेण्यासाठी दिलेले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ते कडीने एकमेकांस जोडलेच पाहिजेत. भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच चाकाचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

जोडणी

आता ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामधील दुव्याकडे वळू. ट्रॉली ट्रॅक्टरला कोठे जोडली आहे यावर ट्रॅक्टर उलटणार की चालणार हे ठरते. जोडणीची जागा मागच्या आसाच्या मध्यबिंदूहून खाली असेल तर ओढ लागली असता ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीवर दाबली जातात. ती जागा आसाच्या वर गेली की तीच ओढ ट्रॅक्टरचे तोंड वर उचलू लागते. वरच्या टॉप लिंकच्या कानांना साखळी बांधून रुतलेली ट्रॉली ओढणे हा प्रकार खेडोपाडी पावसाळ्यात सर्रास चालतो. ट्रॅक्टर मागे उलथून चालकाच्या अंगावर येण्याचे ते एक मोठे कारण आहे. हे उलथणे दीड सेकंदाच्या आत पुरे होते. क्लच दाबावयास माणसाला सवड मिळत नाही. तसेच लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांवर आडवी पट्टी टाकून तिला भरलेली ट्रॉली अडकवू नये. लिफ्ट वर-खाली झाली की जोडणीची उंचीही बदलते. उत्पादकाने ट्रॉलीसाठी दिलेला हूक वा ओढपट्टी जेथे आहे, तेथेच जोडावे.

दोनचाकी ट्रॉलीची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती बैलगाडी हाकलेल्यास लवकर कळेल. गाडीत माल मागे भरला की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलते व बैलांच्या गळ्याला जोते आवळते. पुढे भरला की सारा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रॅक्टरचेही तेच. दोनचाकी ट्रॉली उलाळ झाली तर ती हूक वर उचलते, मागच्या चाकांवरील वजन, म्हणजेच पकड, कमी करते आणि रस्त्यावर ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे खाऊ लागते. म्हणून माल आसाच्या किंचित पुढे झुकता भरावा. एकूण वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा हुकावर आला तर तो मागच्या चाकांची पकड वाढवितो व ते हिताचेच असते. पण त्यालाही मर्यादा आहे. हूक मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे त्यावर पडलेला भार पुढची चाके उचलतो. आपल्या दोन टनी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ७०० किलो धरले व हुकावर १००० किलो टाकले, तर पुढे सुमारे ४०० किलो उरतात. ट्रॅक्टरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून कमी भार पुढे असला म्हणजे स्टिअरिंग फिरते, ट्रॅक्टर वळत नाही. तेव्हा येथे आपण काठावर आलो. चढावर हा भार आणखी घटतो. अशा वेळी पुढे लोखंडी वजने लावावीत. बॉनेटवर मजूर बसविणे हा उपाय नव्हे, ही गोष्ट छापून सांगण्याची वेळ यावी याचे वाईट वाटते.

पिनेविषयी बोलल्याशिवाय जोडणीचा विषय संपत नाही. कारखान्याची पिन हरवली की लोहाराकडून सळईचा तुकडा कापून आणावयाचा व काम भागवावयाचे, ही आपली रीत. पिनेचे बळ तिच्या जाडीवर नव्हे तर छेदाच्या क्षेत्रफळावर असते. पंचवीस मिलिमीटरची पिन झिजून वीसवर आली तर जाडी पाचव्या हिश्शाने कमी झालेली दिसते. बळ मात्र एकतृतीयांशाहून अधिक गेलेले असते. शिवाय झिजलेल्या पिनेस कडीत वाव मिळतो व ट्रॅक्टर निघताना आणि थांबताना प्रत्येक वेळी हिसका बसतो. पिन मजबूत पोलादाची, कडीत बेताने बसणारी असावी आणि तिच्या टोकाला आडखीळ अवश्य असावी. हिसक्यांनी पिन उडी मारून बाहेर पडते. दांड्याखालून ट्रॅक्टरच्या सांगाड्यापर्यंत एक मजबूत साखळी निराळी बांधून ठेवावी. पिन गेली तरी ट्रॉली सुटून मागच्या माणसांवर जाणार नाही.

वजन कसे काढावे

आपल्या ट्रॉलीचे वजन अंदाजाने सांगणारे शेतकरी पुष्कळ भेटले. बरोबर सांगणारे थोडे. साखर कारखाना, बाजार समिती वा जिनिंग कारखाना यांपैकी कोठेतरी वजनकाटा असतोच. हंगामाच्या आरंभी एकदा ट्रॅक्टर व रिकामी ट्रॉली यांचे निरनिराळे वजन करून घ्यावे. दोनचाकी ट्रॉली असेल तर ती भरून, जोडलेल्या अवस्थेत केवळ ट्रॅक्टरची चाके काट्यावर घ्यावीत. या वजनातून ट्रॅक्टरचे सुटे वजन वजा केले की हुकावरील भार मिळतो. मग केवळ पुढची चाके काट्यावर उभी करून त्यांवर किती उरले तेही पाहावे. नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्याने मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या ट्रॅक्टरविषयीचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. १९५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या अहवालात ट्रॅक्टरचे वजन, ओढशक्ती व ब्रेकची चाचणी हे सर्व दिलेले असते. ग्रामकार्यकर्त्यांनी तो वाचून समजावून सांगितला तर जाहिरातीतील अश्वशक्तीपेक्षा अधिक उपयोग होईल.

कायद्याची बाजूही जाता जाता सांगितली पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या एकूण वजनाहून अधिक भार वाहणे हा १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माझ्या अनुभवात मात्र दंडाच्या धाकाने फारसे कोणी भार कमी करीत नाही.

ज्या शेतकऱ्याच्या प्रश्नावरून हा लेख लिहिला त्याच्याकडे मी नंतर हे सर्व आकडे घेऊन गेलो. आठ वर्षांपूर्वीच्या माझ्या शेऱ्याचीही आठवण दिली. तो रागावला नाही. त्याने वजनाच्या पावत्या मागितल्या. ट्रॉलीला ब्रेक बसविण्याइतका पैसा तूर्त हाती नव्हता, म्हणून आम्ही तीन टनांची मर्यादा धरली. रिकामी ट्रॉली १५०० किलो वजा जाता मालाला उरले १५०० किलो. हौद्याच्या आतल्या बाजूस आम्ही तळापासून मोजून तीन रेघा ओढल्या. साडेसहा इंचांवर तांबडी रेघ मुरूम व वाळूसाठी, साडेतेरा इंचांवर पिवळी गव्हासाठी, आणि साडेसतरा इंचांवर पांढरी शेणखतासाठी. ओल्या मुरुमाला तांबड्या रेघेच्याही दोन बोटे खाली थांबावयाचे, हे त्याने स्वतःहून ठरविले. मुरुमाच्या खेपा आता पूर्वी एक होत असे तेथे जवळजवळ चार होतात. पुतण्याचा पाय बरा झाला असून ट्रॅक्टर पुन्हा तोच चालवितो. रेघा ओढताना फूटपट्टी त्यानेच धरली होती.